रेडिंगची हवा : नव्याने आलेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची अकोल्याची, नोकरीला पुण्यात होते, आणि २०१३ पासून इंग्लंडमधल्या रेडिंगला राहतेय. मुलगा इथेच जन्मला, चार वर्षांचा असताना त्याला दमा निघाला, आणि तेव्हापासून सकाळी चहाच्या आधी हवा बघायची सवय लागली ती लागलीच. दर वर्षी पुण्या-मुंबईहून नवीन कुटुंबं येतात, कोणी ग्रीन पार्कला, कोणी थेम्स व्हॅली पार्कला कामाला, लोअर अर्लीत नाहीतर ऑक्सफर्ड रोडच्या बाजूला घर घेतात, आणि पहिल्या हिवाळ्यातच फोनवर तेच तेच प्रश्न सुरू होतात. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतेय. आपण मराठीत 'हवा कशी आहे' विचारतो त्यात थंडी-पाऊस पण येतो आणि श्वासात जाते ती हवा पण येते, इथेही दोन्ही एकत्रच लिहिलंय, कारण मुळात ते वेगळं करताच येत नाही.

इथे वर्षभर पाऊस असतो म्हणतात, खरं का?

दिवस मोजले तर हो, पाणी मोजलं तर नाही. रेडिंगला वर्षभरात साधारण सहाशे ते साडेसहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या जवळपास, किंचित कमीच. फरक हा की पुण्याचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात उरकतो आणि इथे तेवढंच पाणी बारा महिन्यांवर पसरलेलं असतं. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पडला होता, रेडिंगला तेवढा पडायला दीड वर्ष लागेल. इथला पाऊस म्हणजे बराच वेळ नुसती भुरभुर, कपडे भिजत नाहीत पण दमट होतात. छत्रीचा फार उपयोग नाही, वाऱ्याने उलटी होते, टोपीवाला चांगला रेनकोट घ्या.

थंडी किती असते? आम्ही नाशिकचे, थंडीची सवय आहे.

जानेवारीत दिवसा साधारण ८, रात्री २ च्या आसपास, अधूनमधून शून्याखाली. आकडा नाशिक-निफाडच्या कडाक्याच्या सकाळपेक्षा फार वेगळा नाहीये. पण तिकडे दहा वाजता ऊन चढतं आणि स्वेटर निघतो, इथे ते ऊनच येत नाही, आणि हवा ओली असते त्यामुळे थंडी हाडात शिरते. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर घाला, कारण दुकानात, बसमध्ये, ऑफिसात हीटिंग चालू असतं आणि काढ-घाल करावी लागते.

बर्फ पडतो का?

फार नाही, वर्षात थोडे दिवस, एखाद्या वर्षी नुसतेच चार कण. पण पडला की गाव थांबतं, जानेवारी २०१० आणि २०१८ चा फेब्रुवारी-मार्च अजून लोक आठवतात. बर्फापेक्षा त्यानंतरचा काळा बर्फ (रस्त्यावर गोठलेला, न दिसणारा पातळ थर) सांभाळा, फुटपाथवर पाण्याचा ओला पट्टा वाटतो आणि पाय सटकतो.

डिसेंबरात खरंच दुपारी चारला अंधार होतो?

हो. २१ डिसेंबरच्या सुमाराला सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि चारच्या आधी मावळतो, जेमतेम आठ तासांचा दिवस, आणि भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून पंधरा अंशांवरच असतो म्हणजे समोरच्या घराच्या धुराड्यामागेच. जूनमध्ये उलटं, पहाटे पावणेपाचला उजाडतं ते रात्री साडेनऊपर्यंत, मुलं झोपत नाहीत, जाड पडदे लावा.

यातला महत्त्वाचा मुद्दा व्हिटॅमिन डीचा. ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हात ते शरीरात पुरेसं तयार होतच नाही, म्हणून इथली सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांनाच या महिन्यांत रोज १० मायक्रोग्रॅम घ्यायचा विचार करा म्हणते, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांना वर्षभर. कुठल्याही केमिस्टकडे, सुपरमार्केटमध्ये मिळतं. पहिल्या वर्षी 'आपल्याला काय गरज' म्हणून सोडू नका.

इंग्लंडची हवा स्वच्छच असते ना? मग बघायची कशाला?

हाच गैरसमज मला मनापासून खोडायचाय. पुण्याच्या हडपसरहून किंवा मुंबईच्या चेंबूरहून आलेल्या माणसाला इथे पहिला श्वास घेतल्यावर फरक जाणवतो, हे खरं. पीएम २.५ म्हणजे ते बारीक कण, केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याचे, ते इथे वर्षाच्या सरासरीत घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतात, आपल्या शहरांत त्याच्या कितीतरी पट. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मर्यादा आणून ठेवली ५ वर. इंग्लंडने कायद्याने स्वतःला १० चं लक्ष्य दिलंय ते २०४० पर्यंतचं. म्हणजे चांगली आहे, पण पूर्ण निर्धास्त व्हावं इतकी नाही. आणि सरासरीत वाईट दिवस लपतात. माझ्या मुलाला सगळ्यात जास्त त्रास झाला तो एप्रिलमधल्या एका लख्ख निळ्या आकाशाच्या दिवशी, मी बाहेर बघितलं आणि म्हटलं आज खेळू दे पार्कात दिवसभर. त्या दिवशी मी हवेचा इंडेक्स (प्रदूषणाचा रोजचा सरकारी आकडा) बघितला नव्हता.

अ‍ॅपवर रेडिंगचा आकडा ३ दिसतो आणि पुण्याचा १४०. म्हणजे पन्नासपट फरक?

नाही, पट्ट्याच वेगळ्या आहेत. हे नीट समजून घ्या, यात सगळ्यात जास्त लोक फसतात.

भारताचा एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) ० ते ५०० असतो. ब्रिटनचा रोजचा इंडेक्स १ ते १० असतो : १ ते ३ कमी, ४ ते ६ मध्यम, ७ ते ९ जास्त, १० अतिजास्त. पाच गोष्टी मोजतात (बारीक कण, जरा मोठे कण, गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन, सल्फर डायऑक्साइड) आणि ज्याचा आकडा सगळ्यात वाईट तोच त्या दिवसाचा इंडेक्स. आता एक उदाहरण बघा. पीएम २.५ दिवसभराच्या सरासरीत ५५ मायक्रोग्रॅम आहे असं धरा. भारतात त्याचा एक्यूआय येतो नव्वदच्या आसपास आणि त्याला नाव आहे 'समाधानकारक', हिरवा रंग. ब्रिटनमध्ये त्याच हवेचा इंडेक्स येतो ७, म्हणजे 'जास्त', लाल रंग, दमेकऱ्यांनी आणि हृदयरोग्यांनी बाहेर दमवणारा व्यायाम कमी करावा अशी सूचना. हवा तीच, फुप्फुसं तीच, शिक्का वेगळा. माझी नणंद पुण्याहून फोनवर म्हणते आज हवा छान आहे, सत्तरच आहे, आणि तेवढ्याच कणांच्या हवेला इथे मध्यम म्हणून पिवळा रंग असता.

म्हणून तुलना करायचीच तर इंडेक्सची करू नका, मायक्रोग्रॅमची करा. आणि फोनमधलं अ‍ॅप कुठली पट्टी दाखवतंय ते आधी बघा, काही अ‍ॅप अमेरिकेची दाखवतात, मग आणखी घोळ.

रेडिंगचे खरे आकडे कुठे मिळतात?

यूके-एअर ही सरकारची साइट, फुकट. त्यात रेडिंगची दोन केंद्रं बघा. एक न्यू टाउनचं, वस्तीतलं, म्हणजे आपण घरी असताना साधारण काय श्वासात जातं ते. दुसरं लंडन रोडचं, रस्त्याकडेचं. दोन्हींत गर्दीच्या वेळी नायट्रोजन डायऑक्साइडचा फरक पडतो तो स्वतः एकदा बघा, मग मुलांना शाळेत कुठल्या गल्लीने न्यायचं ते आपोआप ठरतं.

मग गावातले वाईट रस्ते कुठले?

जिथे गाड्या अडकतात ते. आयडीआर म्हणजे मध्यवस्तीभोवतीचा रिंगरोड, लंडन रोड, ऑक्सफर्ड रोडचे काही भाग, कॅव्हरशमच्या दोन पुलांकडे जाणारे रस्ते, कारण नदीपलीकडे जायला गावात दोनच पूल गाड्यांसाठी आहेत आणि सगळ्यांना तिथूनच जायचंय. बाजूच्या समांतर गल्लीतून चाललं तरी बराच फरक पडतो, धूर अंतराने पटकन विरळ होतो. बग्गीतलं बाळ गाडीच्या धुराच्या नळीच्या उंचीवर असतं, हे लक्षात ठेवा. गाव सुधारतंयही, लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनची ट्रेन डिझेलवरून विजेवर आली, रेडिंगच्या बऱ्याच बस बायोगॅसवर धावतात. पण शाळेच्या दारात इंजिन चालू ठेवून पोरांची वाट बघणारे आईबाप अजून आहेत, त्यात आपलेही आहेत, हीटर हवा म्हणून. कृपया बंद करा.

वाऱ्याची दिशा बघा असं तुम्ही सारखं सांगता, का?

कारण रेडिंगमध्ये निम्मं उत्तर त्यातच असतं. पश्चिमेचा, नैऋत्येचा वारा आला की तो अटलांटिकवरून येतो, पाऊस आणतो, कपडे वाळू देत नाही, पण हवा धुतलेली असते. पूर्वेचा, आग्नेयेचा वारा आला की तो लंडनवरून आणि त्याच्या आधी फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्सवरून येतो, सोबत तिकडचे कण घेऊन. आकाश मात्र छान मोकळं असतं. त्यामुळे इथे सुंदर दिवस आणि चांगली हवा हे एकत्र असतीलच असं नाही, आणि मरगळलेला पावसाळी दिवस श्वासाला बरेचदा उत्तम. कोकणातल्या माणसाला खारे वारे-मतलई वारे समजावून सांगावे लागत नाहीत, तसंच हे, एका वर्षात अंगवळणी पडतं.

मार्च-एप्रिलमध्ये कण का वाढतात? तेव्हा तर थंडी संपलेली असते.

शेतीमुळे. वसंतात इथे आणि युरोपभर शेतात खत आणि जनावरांच्या शेणमुताचा पातळ काला टाकतात, त्यातून अमोनिया उडतो, तो गाड्या-कारखान्यांतल्या नायट्रोजन ऑक्साइडशी मिसळून अमोनियम नायट्रेटचे बारीक कण तयार होतात. वारा मंद आणि पूर्वेचा असला की ते दोन-चार दिवस साचून राहतात. वर सांगितलेला मुलाचा एप्रिलचा दिवस असाच होता. रेडिंगमधून बाहेर पडलं की शेतंच शेतं, वासही येतो, पण मुख्य भार बाहेरून येतो.

एका सकाळी सगळ्या गाड्यांवर लालसर धूळ होती, ती कसली?

सहाराची. वाळवंटातली धूळ वर उचलली जाते, वाऱ्याबरोबर हजारो किलोमीटर येते आणि पावसाच्या थेंबांतून खाली उतरते. २०१४ च्या एप्रिलच्या सुरुवातीला ती आणि युरोपातलं प्रदूषण एकत्र आलं आणि इंग्लंडच्या काही भागांत इंडेक्स १० पर्यंत गेला होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये ओफिलिया वादळाने धूळ आणि पोर्तुगालच्या वणव्यांचा धूर आणला तेव्हा भर दिवसा सूर्य लाल दिसत होता, आम्ही सगळे ऑफिसच्या खिडकीशी उभे. गाडी कोरड्या फडक्याने पुसू नका, रंगावर ओरखडे येतात, आधी पाणी मारा.

उन्हाळ्यात ओझोनचा इशारा येतो. ओझोन तर चांगला ना?

वर आकाशात चांगला, नाकाशी नाही. कडक उन्हात गाड्यांचा धूर आणि इतर वायू यांच्यातून तो जमिनीलगत तयार होतो, घसा खवखवतो, छाती भरते. गंमत अशी की भर रस्त्यात तो कमी असतो कारण गाड्यांचा ताजा धूर त्याला खाऊन टाकतो, आणि गावाबाहेर, चिल्टर्नच्या टेकड्यांकडे जास्त. तो दुपारी चढतो आणि संध्याकाळपर्यंत टिकतो. म्हणून उष्म्याच्या दिवसांत पळायला, सायकलिंगला सकाळी जा.

मला आयुष्यात कधी अ‍ॅलर्जी नव्हती, इथे आल्यावर चौथ्या वर्षी जूनमध्ये डोळे-नाक वाहायला लागलं. काय झालं?

हे फीवर (hay fever, यातलं 'हे' म्हणजे वाळलेलं गवत). गवताच्या परागांची अ‍ॅलर्जी. आपल्या लोकांत हे फार दिसतं, पहिली दोन-तीन वर्षं काही नाही, मग एका उन्हाळ्यात अचानक सुरू, कारण शरीराला त्या परागांची ओळख व्हायला काही हंगाम लागतात. लोक सर्दी समजून महिनाभर काढा पीत बसतात, मीही माझ्या नवऱ्याला पाजलाय. सर्दी आठ-दहा दिवसांत जाते, ही जात नाही आणि डोळे खाजतात, हा फरक.

हंगाम असा : मार्चच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत झाडांचे पराग, त्यात बर्चचे सगळ्यात त्रासदायक. मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत गवताचे, बहुतेकांना हेच बाधतात. मग सप्टेंबरपर्यंत तणांचे. थेम्सचं खोरं सखल आणि हिरवंगार असल्यामुळे इथे जास्त त्रास होतो असं जुने रेडिंगकर ठामपणे म्हणतात. मेट ऑफिस म्हणजे इथलं हवामान खातं रोजचा परागांचा अंदाज देतं. केमिस्टला विचारून झोप न आणणारी अ‍ॅलर्जीची गोळी मिळते, ती ब्रँडेड घ्यायची गरज नाही, सुपरमार्केटची स्वस्त चालते, आतलं औषध तेच. नाकातला स्टेरॉइड स्प्रे मात्र त्रास सुरू झाल्यावर नाही, हंगामाच्या आठ-पंधरा दिवस आधीच सुरू केला तर जास्त काम करतो. बाहेरून आल्यावर तोंड धुवा, केस धुवा, कपडे बदला. नाकपुडीला आतून थोडं व्हॅसलीन लावायचं, हे इथले डॉक्टरच सांगतात, आजीने सांगितल्यासारखं वाटतं पण खरंच उपयोगी आहे.

आणि एक गंभीर गोष्ट. जूनमध्ये पराग खूप असताना वादळी गडगडाटी पाऊस आला तर पराग फुटून त्यांचे बारीक कण थेट खोल छातीत जातात. २४ जून १९९४ ला लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये एका रात्रीत शेकडो लोक धाप लागून दवाखान्यात गेले, त्यातल्या कित्येकांना आधी दमा नव्हता, फक्त हे फीवर होता. अशा संध्याकाळी खिडक्या लावून घरात थांबा, इनहेलर हाताशी ठेवा.

मग उन्हाळ्यात कपडे बाहेर वाळवू नये? आणि वाळवण?

हे फीवर नसेल तर खुशाल वाळवा. असेल तर जून-जुलैत निदान चादरी-उशांचे अभ्रे तरी आत वाळवा, पराग चिकटून रात्रभर नाकाशी राहतात. वाळवणाचं म्हणाल तर मे-जूनमध्ये लागोपाठ तीन कोरडे दिवस अंदाजात दिसले की मी साबुदाण्याच्या चकल्या घालते, मागच्या काचेच्या खोलीत. तिथे ऊन येतं, पराग येत नाहीत, आणि अचानक सर आली तर पळापळ नाही. अकोल्याला आईच्या गच्चीवर एका दिवसात कडकडीत होतात, इथे तीन दिवस, मध्ये एकदा हलक्या हाताने उलटायच्या.

इथल्या ३२ डिग्रीला एवढा बाऊ का? आम्ही ४२ बघितलंय.

मी ४५ बघितलंय, तरी सांगते, इथलं ३२ हलक्यात घेऊ नका. इथली घरं उष्णता आत धरून ठेवायला बांधलेली आहेत, पंखे नाहीत, एसी नाही, वरच्या मजल्यावर छपराला लागून झोपायची खोली. १९ जुलै २०२२ ला देशात पहिल्यांदा चाळिशी ओलांडली, लिंकनशरमधल्या कोनिंग्सबीला ४०.३. आमच्या वरच्या खोलीत रात्री अकरालाही अंग टेकवत नव्हतं. वऱ्हाडातली युक्ती इथे लागू पडते आणि इथल्या लोकांना माहीत नसते : बाहेर आतल्यापेक्षा गरम असेल तोवर खिडक्या-पडदे बंद, सूर्य बुडाल्यावर सगळं सताड उघडं, दाराला ओली चादर. शेजारच्या ऐंशी वर्षांच्या आजींच्या खिडक्या मी दुपारी जाऊन बंद केल्या, त्या 'हवा येऊ दे' म्हणून उघड्या ठेवून बसल्या होत्या आणि भट्टीसारखी हवा आत येत होती. त्याच उन्हाळ्यात इतका कोरडा काळ गेला की ऑगस्टमध्ये बागेला नळीने पाणी घालायलाही बंदी आली.

दिवाळीच्या फटाक्यांना परवानगी असते का? आणि नोव्हेंबरात हवा एवढी का बिघडते?

एरवी रात्री अकरानंतर फटाके बंद, पण दिवाळीच्या रात्री एकपर्यंत चालतात, ५ नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटला (इथल्या होळी-फटाक्यांच्या रात्रीला) बारापर्यंत. दोन्ही सण जवळजवळ येतात, आणि तेव्हाच हवा स्थिर व्हायला लागलेली असते. शांत, मोकळ्या थंड रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते आणि वर गरम हवेचं झाकण बसतं. मग धूर वर जातच नाही, खोऱ्यात साचतो, सकाळी धुक्यात मिसळतो. आकाशात चांदण्या, वारा शून्य, थंडी कडक, अशा रात्री समजून जा.

पण थंडीत सगळीकडे तो लाकडाच्या धुराचा वास येतो, तो कुठून? गॅस हीटिंग असताना लाकूड कोण जाळतं?

बरेच जण, हौस म्हणून. दिवाणखान्यातली लाकडाची शेगडी, शोभेची आणि उबेची. ब्रिटनमधल्या बारीक कणांत घरगुती लाकूड जाळण्याचा वाटा मोठा आहे, हे नवीन माणसाला पटत नाही. १९५२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये कोळशाच्या धुरकट धुक्याने चार-पाच दिवसांत हजारो माणसं गेली, त्यावरून १९५६ चा शुद्ध हवा कायदा आला, धूरबंदीचे भाग ठरले. आता २०२१ पासून घरगुती कोळसा आणि ओलं लाकूड छोट्या पिशव्यांत विकायला बंदी आहे, लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. तुमच्या भाड्याच्या घरात अशी शेगडी असेल तर शक्यतो पेटवू नकाच. लहान मूल किंवा दमेकरी घरात असेल तर नक्कीच नको.

भिंतीवर काळे डाग आलेत, घरमालक म्हणतो खिडकी उघडा. चूक कोणाची?

याचं उत्तर मोठं देते, कारण रेडिंगमध्ये आपल्या लोकांना सगळ्यात जास्त त्रास बाहेरच्या हवेचा नाही, घरातल्या हवेचा होतो.

आमचं पहिलं भाड्याचं घर ऑक्सफर्ड रोडजवळच्या गल्लीत, जुन्या लाल विटांचं, एकाला एक चिकटलेल्या घरांपैकी. मुलाची खोली सगळ्यात छोटी, उत्तरेची भिंत, त्या भिंतीला कपाट लावलेलं. जानेवारीत कपाट ओढलं तर मागे भिंतभर काळे ठिपके, मोहरीची पुडी फुटून उडाल्यासारखे. कपाटात नवऱ्याचा चामड्याचा पट्टा हिरवा पडलेला. आणि त्या भिंतीपासून दोन हातांवर मुलाची कॉट. एजंट येऊन बघून गेला, म्हणाला तुम्ही स्वयंपाक फार करता. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही.

आता माहितेय काय होतं ते. माणसं श्वास घेतात, अंघोळ करतात, कुकर लावतात, ओले कपडे रेडिएटरवर टाकतात, त्याची वाफ हवेत जाते. गरम हवेत ती मावते, थंड भिंतीला लागली की पाणी होऊन बसते, आणि ओली भिंत म्हणजे बुरशी. सकाळी खिडकीच्या काचेवर आतून पाणी दिसलं की समजायचं भिंतीतही मुरतंय. भिंतीला नीट इन्सुलेशन नाही, एक्झॉस्ट बंद पडलाय, पन्हळ गळतेय, हे घरमालकाचं काम. वाफ बाहेर घालवणं आपलं. दोन्ही लागतं.

काय करायचं : पंधरा-वीस पौंडांचं आर्द्रता मोजायचं यंत्र घ्या, ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये ठेवा. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे. खिडकीच्या वरच्या पट्टीत हवेसाठी बारीक फट असते ती थंडी वाजते म्हणून टेप लावून बंद करू नका. कपडे एका खोलीत दार लावून, डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढणारं यंत्र) लावून वाळवा, आमचा एका रात्रीत दीड लिटर पाणी काढतो, ते पाणी ओतताना दर वेळी वाटतं की हे सगळं आधी पोराच्या छातीत जात होतं. हीटिंग दोन तास फुल आणि मग बंद असं नको, कमी पण सलग ठेवा. आणि घरमालक ऐकत नसेल तर तारखेसकट फोटो, फोनवर नाही ईमेलवर तक्रार, तरी नाही तर कौन्सिलच्या (इथल्या नगरपालिकेच्या) पर्यावरण आरोग्य विभागाला कळवा, ओल आणि बुरशी हा घरातला आरोग्याचा धोका म्हणून ते तपासू शकतात. व्हिसावर आहोत म्हणून गप्प बसू नका, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

फोडणी दिली की फायर अलार्म वाजतो. आणि त्याचा धूर पण वाईट का?

हो, बाहेरच्या रस्त्यापेक्षा जास्त कण फोडणीच्या पाच मिनिटांत होतात, गॅसची शेगडी असेल तर नायट्रोजन डायऑक्साइडही. तेल तापायच्या आधीच एक्झॉस्ट लावा, स्वयंपाक झाल्यावर पंधरा मिनिटं चालू ठेवा, बाकी घराचं दार बंद. आपल्या बऱ्याच घरांत चिमणी नुसती हवा गाळून परत आत सोडणारी असते, बाहेर नेणारी नाही, ती तपासा, मग खिडकी उघडायलाच हवी. अलार्म काढून ठेवू नका.

कॅव्हरशमला नदीकाठी छान घर मिळतंय, घेऊ का?

आधी पोस्टकोड टाकून सरकारी पुराचा नकाशा बघा. रेडिंगमध्ये केनेट नदी थेम्सला मिळते आणि जानेवारी २०२४ मध्ये हेंक वादळानंतर थेम्स काठ सोडून पसरली होती, २०१४ च्या सुरुवातीलाही. इथला पूर आपल्यासारखा धावत येत नाही, हळूहळू दिवस दिवस चढतो, इशारे वेळेवर मिळतात, फोनवर नोंदणी करून ठेवा. पण उतरल्यावर घरातली ओल महिनोन्‌महिने जात नाही, आणि मग वरचं बुरशीचं उत्तर परत वाचा.

रेडिंगचा आणि हवामानाच्या अंदाजाचा काय संबंध? सगळे सांगतात.

संबंध जुना आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. युरोपियन मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजाचं केंद्र, १९७५ साली स्थापन झालेलं, त्याचं मुख्य ऑफिस रेडिंगमध्येच. अकोल्याला माझे बाबा विंडी या हवामानाच्या अ‍ॅपवर पाऊस बघून पेरणीचं ठरवतात, त्यात दिसणारं युरोपियन मॉडेल याच केंद्राचं. हवेतले कण, धूळ, पराग यांचा युरोपभरचा अंदाजही हेच केंद्र चालवतं. विद्यापीठात हवामानशास्त्राचा मोठा विभाग, व्हाइटनाइट्सच्या आवारात वेधशाळा, शंभरहून जास्त वर्षांच्या नोंदी. तापमानवाढ दाखवणारे ते निळे-लाल पट्टे आठवतात? ते २०१८ मध्ये इथल्याच एड हॉकिन्स या शास्त्रज्ञांनी केले, रेडिंगच्या फुटबॉल क्लबने शर्टाच्या बाहीवर घातले होते.

सप्टेंबरात मुलांचा दमा का उसळतो?

शाळा. सुट्टीत मुलं नियमित घ्यायचं तपकिरी इनहेलर विसरतात, मग शाळा सुरू होते, सर्दीचे विषाणू एकमेकांना देतात, आणि दोन-तीन आठवड्यांत दवाखाने भरतात, दर वर्षी. त्यामुळे ऑगस्टच्या मध्यापासून रोजचं इनहेलर चुकवू नका, निळं इनहेलर (त्रास झाला की लगेच घ्यायचं) आणि स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) नाव घालून शाळेत द्या, आणि दमा-प्लॅनचा कागद नर्सकडून नवा करून घ्या. निळं वारंवार लागतंय, बोलताना धाप लागतेय, तर ९९९ ला फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, संकोच करू नका, पैसे लागत नाहीत.

आई-बाबांना कधी बोलवू? बाबांना दमा आहे.

दमा नसता तर मे-जून म्हटलं असतं, सगळ्यात सुंदर तेव्हाच असतं. बाबांसाठी जुलैच्या शेवटी ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बोलवा : गवताचे पराग ओसरलेले, हीटिंग सुरू नाही म्हणून घर कोरडं, दिवस मोठा, संध्याकाळी सातला पण फोरबरी गार्डनला बाकावर बसता येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नको, अंधारात आणि बंद घरात म्हातारी माणसं कोमेजतात. त्यांची इनहेलर्स पूर्ण मुक्कामाची आणा, वर एक महिन्याची जास्त, डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाचं मूळ नाव लिहिलेली, आणि सामान विमानाच्या पोटात गेलं तरी ती पिशवी त्यांच्या हातात राहू दे. प्रवासविम्यात दमा लिहायला विसरू नका. खोली दक्षिणेची द्या.